कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये लहानमोठ्या सगळ्या मुलांना एकत्र खेळवायचंय – कोणते खेळ सुचवाल?

मेहरूणची_बोरं (जळगाव)

नमस्कार मंडळी,

परीक्षा संपत आल्यात. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये गुडघाभर गवत आणि सराटे माजले होते, ते चार घरांनी मिळून परवा काढून घेतले. जागा मोकळी झालीय, पोरांना सुट्टी लागतेय, तर रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून खेळावं असं फार मनात आहे.

मुलं वीसेक आहेत, पण वयाचा मेळ नाही. सगळ्यात धाकटा बालवाडीतला, सगळ्यात मोठी आता नववीत जाईल. मोठी पोरं क्रिकेट मांडतात. त्यात धाकट्यांच्या वाट्याला गटारीतला चेंडू काढून आणणं येतं आणि मुली कट्ट्यावर बसून असतात. क्रिकेटशी माझं काही भांडण नाही, पण दोघं खेळतात आणि बाकीचे उभे राहतात हे रोज बघवत नाही.

तर आपले जुने मैदानी खेळ सांगा. साहित्य फार नको. पाच वर्षांचं पोर आणि चौदा वर्षांची मुलगी एकाच डावात असली पाहिजे, आणि बाद झालेल्याला अर्धा तास ताटकळत बसावं लागू नये. जागा साधारण ४० बाय ६० फूट, एका बाजूला भिंत, कोपऱ्यात कडुनिंब. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, त्यामुळे सहाच्या आधी कोणाला बाहेर काढणार नाही. दिवस सातला मावळतो, उजेड त्यानंतर थोडा वेळ.

नुसती नावं नको, नियमही लिहा. आमच्या मुलांनी यातले बरेच खेळ पाहिलेलेसुद्धा नाहीत.

कळण्याची_भाकरी (भुसावळ)

ताई, पहिलं नाव डबा ऐसपैस!

रिंगण आखून त्यात एक रिकामा डबा ठेवायचा. एकानं तो जोरात लांब उडवायचा. ज्याच्यावर राज्य त्यानं जाऊन डबा आणून परत रिंगणात ठेवायचा, तोवर बाकीचे लपतात. मग शोधायला निघायचं. कोणी दिसला की त्याचं नाव घेऊन 'ऐसपैस' म्हणत डबा आपटायचा. नाव चुकलं तर अंडं फुटलं, राज्य पुन्हा त्याच्याच डोक्यावर. म्हणून आम्ही एकमेकांचे शर्ट घालायचो आणि भिंतीआडून नुसती बाही दाखवायचो. लपलेल्यांपैकी कोणी गुपचूप येऊन डबा उडवला की धरलेले सगळे सुटले.

तुमचा ताटकळण्याचा प्रश्न इथंच मिटतो. धरला गेलेला गडी गप्प बसतच नाही, 'ये ये, तो पाण्याच्या टाकीकडे गेलाय' असं ओरडून लपलेल्यांना वाट दाखवत असतो.

आम्ही रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो. वडलांच्या बदल्यांमुळे बिहारची, आंध्रची, नागपूरची, कल्याणची पोरं एकाच गल्लीत. प्रत्येकाचा नियम वेगळा. खेळ सुरू व्हायच्या आधी निदान पाव तास वाद चालायचा की अंडं धरायचं का, टाकीच्या पलीकडे लपलेलं चालेल का. तो वाद आम्हीच घालायचो आणि आम्हीच मिटवायचो. मोठ्या माणसांनी त्यात कधी तोंड घातलं नाही. याचं मोल मला आज फार वाटतं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, शाळेत मुलांना खेळ शिकवण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

सगळ्या वयांना जमेल असा खेळ शोधत बसू नका. जवळजवळ कोणताही खेळ जमतो, कारण धाकट्यांना सामावून घ्यायच्या रीती पोरांनीच घालून ठेवल्यात. त्या रीती आधी शिकवा.

पहिली रीत कच्चा लिंबू. बालवाडीतलं पोर डावात पूर्ण असतं, पळतं, लपतं, शिवतं. फक्त ते बाद झालं तर त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला बाजूला काढलेलं नसतं आणि त्याच्यामुळे डावही अडत नाही. दोन-तीन वर्षं असं पळता पळता ते पोर खेळ आतून शिकतं आणि एक दिवस स्वतःच येऊन सांगतं, 'आजपासून मी पक्का.' त्या दिवशी त्याच्यावर राज्य आलं तरी त्याला आनंद होतो. मी हे मैदानावर इतक्या वेळा पाहिलंय तरी दर वेळी डोळे भरून येतात.

दुसरी रीत जोड्या पाडण्याची. दोन मोठे गडी म्होरके होतात. बाकीचे आपापल्या ताकदीचा जोडीदार घेऊन बाजूला जातात, गुपचूप नावं ठरवतात आणि येऊन विचारतात, 'हत्ती घ्याल का घोडा?' म्होरक्यानं हत्ती म्हटलं की हत्ती त्याचा, घोडा समोरच्याचा. तुल्यबळ दोघं नेहमी दोन बाजूंना गेल्यामुळे संघ आपोआप सारखे पडतात. आणि 'तू नको, तो दे' असं म्हणायची वेळच येत नाही, त्यामुळे शेवटी उरलेलं, कोणालाच नको असलेलं पोर राहत नाही. आजच्या क्रिकेटच्या निवडीत एका पोराचं रोज तेच होतं.

तिसरी, पिदवायचं नाही. एकाच पोरावर लागोपाठ राज्य येऊन ते रडकुंडीला आलं की मोठ्यातल्या कोणी तरी 'माझ्यावर घेतो' म्हणून राज्य उचलायचं. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण चांगल्या गल्लीत पाळला जायचा.

आता तुमच्या जागेत बसेल असा माझा लाडका खेळ: आट्यापाट्या. स्पर्धेत नऊ पाट्या आणि नऊ-नऊ गडी असतात, तुम्ही चारच पाट्या आखा. ६० फुटांच्या लांबीत दहा-बारा फुटांवर एकेक आडवी रेघ, आणि त्या सगळ्यांना मधोमध छेदणारी एक उभी रेघ. ती सूरपाटी. एका संघाचा एकेक गडी एकेका आडव्या पाटीवर पाय रोवून उभा राहतो. त्यानं पाटी सोडायची नाही, फक्त तिच्यावरून डावीउजवीकडे सरकत अडवायचं. सूर मात्र उभ्या रेघेवरून पुढंमागं कुठंही धावतो, म्हणून तिथं चपळ पोर ठेवा. दुसऱ्या संघानं हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडून पार जायचं आणि तसंच परत यायचं. परत आला की लोण. यात नुसता वेग कामाचा नाही. अंगात हूल असलेली बारकी पोरगी उंच पोरांना चकवून सटकते. कच्च्या लिंबूंना मोठ्यांचा हात धरून पाट्या ओलांडू द्या.

बोरीकाठना_पोऱ्या (पारोळा)

सर, तुम्ही कच्चा लिंबूनी आठवण काढी दिन्ही! मी बठ्ठास्मा धाकला, म्हनीसन गंज वरीस कच्चा लिंबूच राहिनू. उन्हायामा आमनी बोरी नदी कोरडी पडे, मग दिन कलना की बठ्ठा पोरे रेतीमा हुतूतू खेयेत. पडं तरी लागे नही. दिन बुडना तरी कोनी घर जाये नही, मग माय काठी लीसन ये.

बाकीचं मराठीत लिहितो, सगळ्यांना कळायला हवं. ताई, विटीदांडू कोणी लिहिलाच नाही अजून! विटी बाभळीची किंवा बोरीच्या लाकडाची, चार-पाच इंच, दोन्ही टोकं निमुळती. दांडू दीड-दोन फुटांचा. जमिनीत विटीएवढी लांबट गल खोदायची, तिच्यावर विटी आडवी ठेवून दांडूनं लांब कोलायची. समोरच्यांनी झेलली तर गडी बाद. नाही झेलली तर जिथं पडली तिथून ती गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूवर फेकायची. दांडूला लागली तरी बाद. वाचला तर टोला: विटीच्या टोकावर हलकेच दांडू मारून ती उडवायची आणि हवेत असतानाच हाणायची. मग गलीपासून दांडूनं अंतर मोजायचं, 'वकट, लेंड, मूंड' म्हणत. मोजताना कोणी लबाडी करतंय का हे बघायला सगळे बाजूनं वाकून चालतात, ती मजा वेगळीच.

आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. आमची विटी त्या भेगेत गेली की अर्धा डाव ती काढण्यातच जायचा. मैदान आधी पाणी मारून, चोपून घ्या.

दोन_लेकरांची_माय (धुळे)

मी जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. विटीदांडू त्या ४० बाय ६० मध्ये अजिबात नको. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एका मुलाच्या डोळ्याला विटी लागली. त्या डोळ्यानं त्याला पुढं नीट दिसलं नाही. खेळ सुंदर आहे हे मान्य, पण निमुळत्या टोकाचं लाकूड कुठं उडेल हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि ताईंच्या इथं बालवाडीतली लेकरं पायात घुटमळणार.

त्याऐवजी लगोरी घ्या. सात चपट्या ठिकऱ्या, फुटक्या कवेलूच्या असल्या तरी चालतील, आणि एक मऊ रबरी चेंडू. चेंडूनं लगोरी फोडायची, मग फोडणाऱ्या संघानं ती परत रचायची. समोरचे त्यांना चेंडू मारून बाद करायला टपलेले. रचून 'लगोरी' ओरडलं की जिंकले. रचायला धाकटे हात फार कामाला येतात. मोठी पोरं चेंडू चुकवून समोरच्यांना गुंतवून ठेवतात, तेवढ्यात पाच वर्षांचं लेकरू बसून ठिकऱ्या रचतं. माझ्या मुलीनं पहिल्यांदा लगोरी लावली तेव्हा ती रात्री झोपेपर्यंत तेच सांगत होती.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

धुळ्याच्या ताईंशी मी पूर्ण सहमत. विटीदांडू शिकवाच, पण कॉलनीत नको. रविवारी पहाटे मोठ्या मोकळ्या मैदानावर न्या, दहा वर्षांच्या वरची मुलं घ्या, विटीची टोकं काचेच्या कागदानं बोथट करा आणि बघणाऱ्या प्रत्येकाला कोलणाऱ्याच्या पाठीमागे लांब उभं करा. झेलायला उभे असलेलेही गलीपासून भरपूर दूर हवेत. एवढं जमणार नसेल तर सोडून द्या.

लगोरीतही नियम घाला: चेंडू कमरेच्या खालीच मारायचा.

बोरीकाठना_पोऱ्या (पारोळा)

बरोबर शे, ताई. आमच्याकडं नदीपात्र मोकळं होतं म्हणून निभायचं. कॉलनीत नको.

माहेर_शिरपूर (नाशिक)

मुली कट्ट्यावर बसून असतात हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्या घरी मुलींना रोज खेळायला सोडत नसत. पाणी भरा, धाकटा भाऊ सांभाळा, मग उजेड राहिला तर अंगणात ठिकरी. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की सगळं बदलायचं. लग्न झालेल्या बहिणी, आत्या माहेरी यायच्या, गावातल्या प्रत्येक मोठ्या निंबाला झोका बांधलेला असायचा. त्या दिवसांत पोरीबाळींना कोणी हाक मारत नसे. दोन लेकरांची आई झालेली माझी आत्या उभ्यानं झोका चढवायची आणि आम्ही खाली मोजत उभ्या. गौराईची गाणी, झोके, फुगड्या, आणि मग सगळ्या वयाच्या बायका मिळून शिवाशिवी. माझ्या आईला मी पळताना फक्त आखाजीलाच पाहिलंय.

म्हणून सांगते, तुमच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाला यंदा आखाजीला झोका बांधा. वैशाखातली तृतीया, म्हणजे ऐन सुट्टीत येते. फांदी जाड आणि ओली बघून घ्या, निंबाची वाळकी फांदी कडकन मोडते. नाडा चांगला दुपदरी घ्या. आणि कॉलनीतल्या आया, आज्यांनाही बसवा.

मुलींसाठी वेगळे खेळ मात्र काढू नका. लंगडी सगळ्यांची होऊ दे. एका चौकोनात समोरचे पळतात, लंगडी घालणाऱ्यानं एका पायावर जाऊन शिवायचं, दुसरा पाय टेकला की तो बाद. आणि खो-खो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुली आणि मुलं दोन्ही संघ जिंकले, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या सामन्यांची दृश्यं मुलींना एकदा मोठ्या पडद्यावर दाखवा. मग कट्टा रिकामा होतो की नाही बघा.

सातपुड्याचा_पायथा (शहादा)

मी प्राथमिक शिक्षक. खो-खोचं खरं मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे ताईंच्या जागेत बसणार नाही. पण आठऐवजी पाच-सहा मुलं बसवा आणि खांबांऐवजी दोन टोकांना दोन मोठी मुलं उभी करा, छान होतो. लहानांना शिकवताना मी तीनच गोष्टी सांगतो: बसलेल्यांची तोंडं आळीपाळीनं उलट्या दिशांना, खो पाठीवर हात लावून आणि मोठ्यानं द्यायचा, आणि पाठलाग करणाऱ्यानं बसलेल्यांच्या मधून जायचं नाही, खांबाला वळसा घालायचा. पळणाऱ्याला मात्र मधून जायची मुभा. बाकीचे नियम पुढच्या आठवड्यात.

अगदी पहिल्या दिवशी विष-अमृत घ्या. राज्य असलेल्यानं शिवलं की विष, जागच्या जागी बसायचं. आपल्यातल्या कोणी येऊन शिवलं की अमृत, पुन्हा पळायचं. बाद होऊन बाहेर कोणी जातच नाही, आणि सगळ्यात धाकटं पोरसुद्धा दुसऱ्याला सोडवू शकतं. नियम एका वाक्यात संपतो. नाव, गाव माहीत नसलेली मुलंही पाच मिनिटांत एकमेकांची होतात.

पालकांना पटवायचं असेल तर हे सांगा: ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी निदान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा ते सात हा एक तास त्याच कामाचा.

मेहरूणची_बोरं (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार! एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं.

काल सुरुवात केली. शहाद्याच्या सरांचं ऐकून विष-अमृत. मग पोरांनीच डबा ऐसपैस मागितला, कोणीतरी तेलाचा रिकामा डबा आणला. बालवाडीतल्या बाळानं कच्चा लिंबू म्हणून सगळ्यांच्या आधी डबा उडवला आणि धरलेली पोरं ओरडत सुटली. नववीतली मुलगी जोड्या पाडायला पुढं झाली. हत्ती-घोडा त्यांना फार आवडलं, आज 'वांग्याचं भरीत का शेवभाजी' असं चाललं होतं.

एक मात्र विचारायचंय. भांडणं फार होतात. आज लगोरीत चेंडू लागला की नाही यावर डाव थांबला. दोन आया मध्ये पडल्या, एकीनं आपल्या मुलाला घरी नेलं, खेळ तिथंच मोडला. मुलं नाराज होऊन गेली. पंच म्हणून एखाद्या मोठ्या माणसानं उभं राहावं का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नको ताई, कृपा करून नको. भुसावळच्या भाऊंनी वर जे लिहिलंय ते पुन्हा वाचा. पंच आला की पोरं एकमेकांशी बोलायचं सोडून पंचाकडं तक्रार घेऊन धावतात. शाळेच्या स्पर्धेत पंच हवाच, कारण तिथं निकाल लागायचा असतो. गल्लीतल्या खेळात मुलांना दुसऱ्या दिवशी त्याच गड्यांबरोबर खेळायचं असतं, म्हणून ती भांडण तुटेपर्यंत ताणत नाहीत. चेंडू लागला की नाही याचा वाद मिटला नाही तर ती स्वतःच म्हणतील, 'जाऊ दे, डाव पहिल्यापासून.' त्यांना तेवढा वेळ द्या.

मोठ्यांनी कट्ट्यावर बसावं, पाण्याचा माठ भरून ठेवावा. मारामारी झाली, कोणाला लागलं किंवा एकाच पोराला सगळ्यांनी मिळून पिदवायला घेतलं, तरच उठावं. जिनं मुलाला घरी नेलं त्या आईशी तुम्ही एकट्यानं, प्रेमानं बोला. मूल उद्या पुन्हा आलं पाहिजे.

दोन_लेकरांची_माय (धुळे)

सरांचं पटतंय. आमच्या इथं आम्ही आयांनी ठरवलंय की मूल रडत आलं तर आधी पाणी पाजायचं आणि विचारायचं, 'परत जायचंय का?' बहुतेक वेळा पाणी पिऊन संपायच्या आत ते पळालेलं असतं.

मेहरूणची_बोरं (जळगाव)

तसंच करते. आज मध्ये कोणी पडलं नाही. वाद झाला, बराच झाला, पण डाव पुन्हा मांडला गेला. काल गेलेला मुलगाही आला, त्याची आई माझ्या शेजारी कट्ट्यावर बसली होती.

आखाजीच्या झोक्याचं नक्की केलंय. नाडा समोरचे आबा त्यांच्या शेतावरून आणणार आहेत, फांदीही तेच बघून देतील. त्याआधी आट्यापाट्या आखायच्यात. पाण्यानं काढलेल्या रेघा या उन्हात दोन मिनिटांत वाळतात. फक्की मारायची तर कोणता चुना आणू?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

कळीचा चुना अजिबात आणू नका. त्याला घाम किंवा पाणी लागलं की कातडी भाजते, आणि पोरं अनवाणी असणार. डोळ्यात गेला तर फारच वाईट. चुलीची राख चाळून घ्या, आपल्या काळ्या मातीवर ती पांढरी स्वच्छ उठून दिसते. नाहीतर साधी रांगोळी. रेघ चार बोटं रुंद मारा, पाटीवर पाय आहे की नाही यावरून वाद होणारच आहे.

कळण्याची_भाकरी (भुसावळ)

ताई, राख विकत घेऊ नका. गावाकडं आमच्या घरी अजून चुलीवर पाणी तापतं. शनिवारी जळगावला येतोय, चाळलेली गोणीभर राख आणून देतो. आणि सहापर्यंत थांबतो, सूर कसा धावतो ते पोरांना दाखवून जाईन.